एकच इंजिन, तरीही साठ वर्षं हवेत : चेतक आणि चीता हेलिकॉप्टर जगतात कशी?

१५ जून २०२५. केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं बेल ४०७ हेलिकॉप्टर पहाटे गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळलं. पायलटसह सातही जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. त्या घरातली मुलगी दोन वर्षांचीही झालेली नव्हती.

अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एकच इंजिन होतं ना त्याला?"

बेल ४०७ ला एकच इंजिन असतं, हे खरं. पण त्या अपघाताच्या सुरुवातीच्या माहितीत बोट दाखवलं गेलं ते इंजिनाकडे नाही, तर दरीत उतरलेल्या ढगांकडे. आणि महाराष्ट्रातलीच उदाहरणं बघायची तर गोष्ट आणखी गुंतते. मे २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेलं हेलिकॉप्टर तारांमध्ये अडकून पडलं. सगळे वाचले. ते सिकोर्स्की एस-७६ होतं, दोन इंजिनांचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याजवळ पौडला पडलेलं एडब्ल्यू १३९ दोन इंजिनांचं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बावधनला तिघांचा जीव घेणारं ऑगस्टाही दोन इंजिनांचंच.

मग एका इंजिनाची भीती खोटी आहे का? अगदी खोटी नाही, पण अर्धवट आहे. हे समजून घ्यायला भारतात सगळ्यात जास्त राबलेल्या एक इंजिनी हेलिकॉप्टरांकडे बघायला हवं. ती म्हणजे चेतक आणि चीता.

चंडोलाचा झाला चेतक

मूळ हेलिकॉप्टर फ्रेंच. नाव अलुएत, म्हणजे चंडोल पक्षी. त्यातलं अलुएत-३ पहिल्यांदा उडालं २८ फेब्रुवारी १९५९ ला. भारतीय हवाई दलात ते १९६२ मध्ये आलं आणि त्याच वर्षी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, ते भारतात बनवण्याचा करार केला. १९६५ मध्ये बंगळुरूत बनलेलं पहिलं हेलिकॉप्टर उडालं आणि चंडोलाचं नाव बदलून राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं : चेतक.

पायलट धरून सात जण बसतील एवढी जागा. वरचा पंखा तीन पात्यांचा. जास्तीत जास्त वजन सुमारे २,२०० किलो, म्हणजे मोठ्या एसयूव्हीइतकं, तेही माणसं, इंधन आणि सामान धरून. इंजिनाचं नाव आर्तूस्त. गंमत अशी की या इंजिनाची मूळ ताकद ८७० हॉर्सपॉवरच्या आसपास, पण चेतकमध्ये ते मुद्दाम ५५० वर बांधून ठेवलेलं असतं. याचा फायदा उंचावर कळतो. हवा विरळ झाली की कुठल्याही इंजिनाची ताकद घटते. इथे आधीच राखून ठेवलेला साठा असल्याने बऱ्याच उंचीपर्यंत पायलटला ती घट जाणवत नाही.

पण हिमालयाला एवढंही पुरत नव्हतं. १९६०च्या दशकाच्या शेवटी भारताने आणखी उंच जाणारं हेलिकॉप्टर मागितलं. फ्रेंच अभियंत्यांनी धाकट्या अलुएत-२ चा हलका सांगाडा मजबूत केला आणि त्यावर थोरल्या अलुएत-३ चं इंजिन आणि पंखा चढवला. हलक्या अंगाला दांडगं इंजिन. तिकडे त्याचं नाव पडलं लामा, आपल्याकडे चीता. म्हणजे हे हेलिकॉप्टर जन्मालाच आलं भारताच्या गरजेतून.

१३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूतमध्ये सियाचीनच्या बिलाफोंड ला खिंडीत पहिली तुकडी उतरवली ती चीताने. तुकडीचे प्रमुख होते ४ कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले. खालचं बर्फ किती टणक आहे याची कुणालाच खात्री नव्हती, म्हणून आधी हेलिकॉप्टरमधून पिठाचं पोतं टाकून पाहिलं आणि मग जवानांनी उड्या मारल्या. एका फेरीत मोजकीच माणसं मावायची, म्हणून दिवसभरात १७ फेऱ्या झाल्या. तेव्हापासून वरच्या चौक्यांचं रॉकेल, औषधं, पत्रं आणि आजारी जवान यांची ने-आण याच छोट्या यंत्राच्या जिवावर चालत आली आहे.

हवेत इंजिन बंद पडलं तर?

बहुतेकांची समजूत अशी की विमान निदान तरंगत तरी खाली येतं, हेलिकॉप्टर मात्र दगडासारखं पडतं. तसं नाही.

जत्रेतली कागदी भिंगरी आठवा. तिला मोटर नसते, वारा लागला की ती फिरते. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की पंखा आपोआप इंजिनापासून सुटा होतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, खालची हवा पात्यांमधून वर जाते आणि तीच पंख्याला फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर पायलट पात्यांचा कोन वाढवतो. फिरत्या पंख्यात साठलेली ताकद तो त्या शेवटच्या काही सेकंदांत खर्च करतो आणि हेलिकॉप्टर अलगद, निदान जगण्याइतपत अलगद, टेकतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण चीताच्याच सख्ख्या भावाचं आहे. २१ जून १९७२ ला फ्रेंच चाचणी पायलट ज्याँ बुले यांनी सामान काढून हलकं केलेलं लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर वर. तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत इंजिन विझलं आणि पुन्हा सुरू झालंच नाही. बुले तिथून जमिनीपर्यंत नुसत्या फिरत्या पंख्यावर सुखरूप उतरले. उंचीचा विक्रम करायला गेले आणि इंजिनाशिवाय उतरण्याचाही विक्रम करून आले.

पण इथे एक मोठा 'पण' आहे. ऑटोरोटेशनला तीन गोष्टी लागतात : उंची किंवा वेग, पायलटची झटपट कृती आणि उतरायला जागा. इंजिन गेल्यावर पायलटला एक-दोन सेकंदांत हातातला दांडा खाली करावा लागतो. उशीर झाला की पंख्याचा वेग मरतो, आणि एकदा मेलेला वेग परत येत नाही. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोड्याच उंचीवर, जागच्या जागी तरंगत असताना इंजिन गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

आता चीता कुठे उडतं ते बघा. अरुंद दऱ्या, खाली कडे किंवा हिमनदीतल्या भेगा, आणि चौकीवर सामान उतरवताना नेमकं तेच धोक्याचं तरंगणं. मैदानी भागात जे इंजिन बंद पडणं एखाद्या शेतात उतरून निभावतं, ते तिथे निभत नाही. एका इंजिनाचा धोका असा जागेप्रमाणे बदलतो.

म्हणून हे उतरणं हाताला सवय होईपर्यंत घोटून घेतलं जातं. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट तयार होतात नाशिकच्या गांधीनगरमध्ये, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथली पहिली धडपड कित्येक वर्षं चेतक आणि चीतावरच होत आली. सर्वोत्तम प्रशिक्षणार्थीला मिळणाऱ्या चषकाचं नावच 'सिल्व्हर चीता' आहे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक याच संस्थेतून लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या.

मग सरळ दोन इंजिनं का लावत नाहीत?

व्हीआयपींसाठी लावतातच. त्यांच्या प्रवासाला दोन इंजिनं आणि दोन पायलट असावेत, अशी डीजीसीएची अपेक्षा असते. एप्रिल २०११ मध्ये अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचा मृत्यू झाला ते हेलिकॉप्टर एक इंजिनी होतं, आणि तेव्हा या विषयावर बरीच चर्चा झाली होती.

पण दुसरं इंजिन म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हे गणित चुकीचं आहे. इंजिनं दोन असली तरी मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. वरचा पंखा एकच, शेपटीचा पंखा एकच. यातलं काही तुटलं तर दोन्ही इंजिनं धडधाकट असून उपयोग नाही. तारा, ढग आणि धुकं यांना तर इंजिनं मोजताच येत नाहीत. त्यात दुसरं इंजिन स्वतःचं वजन घेऊन येतं, इंधन जास्त खातं, दुरुस्तीचा खर्च वाढवतं. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये तेवढ्या वजनाचं एखादं माणूस किंवा औषधाचं खोकं खालीच राहतं. आणि फार उंचावर एक इंजिन बंद पडल्यावर उरलेल्या एकावर तरंगत राहणं बऱ्याच दोन इंजिनी हेलिकॉप्टरांनाही जमत नाही.

एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवण्याचा पराक्रम मे २००५ मध्ये दिदिए देलसाल यांनी केला, तोही एक इंजिनी हेलिकॉप्टरनेच.

नागपूरचा मे महिना आणि केदारनाथचा वजनकाटा

हेलिकॉप्टरच्या दृष्टीने उंची नकाशावर ठरत नाही, हवेत ठरते. हवा तापली की विरळ होते. पात्यांना पकडायला हवा कमी मिळते आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो.

नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सोनेगावच्या धावपट्टीवरची हवा साधारण दीड हजार मीटरवरच्या हवेइतकी विरळ झालेली असते. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी नागपुरात उभं असलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरूनच महाबळेश्वरपेक्षा उंच जागेवरून उड्डाण करत असतं, थंड हवेचं सुख तेवढं सोडून! अशा वेळी पायलटपुढे पर्याय दोनच असतात : एक माणूस कमी घ्या नाही तर इंधन कमी घ्या. निवडणुकीच्या सभा भर उन्हाळ्यात येतात तेव्हा "साहेब, एकाला खाली उतरावं लागेल" हे सांगणारा पायलट कुणाला आवडत नाही, पण तो बरोबर असतो.

केदारनाथचं मंदिर सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथल्या हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात, सामानावर मर्यादा असते आणि वजन जास्त असेल तर जादा पैसे लागतात. लोक यावरून भांडतात. पण तो आकडा पैशांसाठी जेवढा आहे, त्याहून जास्त पायलटच्या कागदासाठी आहे.

वय वर्षांत नाही, तासांत

साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं यंत्र आज उडतंच कसं, याचं उत्तर लॉगबुकमध्ये आहे. हेलिकॉप्टर किती साली बनलं हा त्यात एक आकडा असतो. खरं आयुष्य मोजलं जातं उड्डाणाच्या तासांत, आणि तेही आख्ख्या हेलिकॉप्टरचं नाही, तर एकेका भागाचं.

लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी कट्कन तुटते. हेलिकॉप्टरची पाती, त्यांना धरणारा मधला भाग, शेपटीचा पंखा हे सगळं उडताना सतत वाकत, ताणत, थरथरत असतं. त्यामुळे अशा भागांना ठरलेलं आयुष्य दिलेलं असतं. तेवढे तास भरले की भाग दिसायला नवा कोरा असला तरी काढून टाकायचा. काही भागांना तासांबरोबर कॅलेंडरचंही बंधन असतं. उदाहरण म्हणून रॉबिन्सन आर-४४ हे लोकप्रिय छोटं नागरी हेलिकॉप्टर घ्या. त्याचं मोठं ओव्हरहॉल २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. नुसतं उभं ठेवलं तरी बारा वर्षांनी खोलायचंच.

इंजिनाची तब्येत तेलावरून कळते. तेलाच्या वाटेत एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. आत कुठे बेअरिंग किंवा दात झिजू लागले तर लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. टेक्निशियन तो काढून बघतो : नेहमीची बारीक भुकटी आहे की टोकदार कपचा? तेलाचा नमुना प्रयोगशाळेतही जातो, आणि त्यात कुठला धातू किती आहे यावरून नेमका कुठला भाग झिजतोय याचा अंदाज बांधतात. माणसाच्या रक्ततपासणीसारखंच. एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये ही तपासणी म्हणजेच दुसरं इंजिन, असं म्हटलं तरी चालेल.

हा सगळा हिशेब हवाई दलापुरता बघायचा तर त्याचं टोक नागपुरात सापडतं. फुटाळा आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला वायुसेनानगर आहे. बहुतेक नागपूरकरांना ते एअर फेस्टमुळे किंवा आतल्या केंद्रीय विद्यालयामुळे माहीत. तिथे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. बाकीच्या कमांड लढतात किंवा शिकवतात, ही कमांड विमानं आणि हेलिकॉप्टरं चालू ठेवते. देशभरातले दुरुस्ती डेपो आणि सामानाचे डेपो तिच्याखाली येतात, नाशिकजवळचा ओझरचा ११ बेस रिपेअर डेपोही त्यातलाच. तिचं ब्रीदवाक्य आहे 'सर्वदा गगने चरेत्', म्हणजे नेहमी आकाशात संचार करो. चेतक-चीताची मोठी ओव्हरहॉल एचएएल करतं, त्यासाठी पश्चिम बंगालमध्ये बराकपूरला त्यांचा विभाग आहे. लष्कर आणि नौदलाची देखभालीची घडी वेगळी आहे.

पण कुणाचीही घडी असो, एका प्रश्नापुढे सगळे सारखेच : बदलायला भाग आहे का? फ्रान्सने १९८०च्या दशकात या हेलिकॉप्टरांचं उत्पादन थांबवलं. जगात जेवढी कमी उरली, तेवढे सुटे भाग बनवणारे कमी झाले. भार एचएएलवर आला. भाग वेळेत आला नाही की हेलिकॉप्टर जमिनीवर बसून राहतं, आणि उरलेल्यांवर तेच काम जास्त तासांनी पडतं. म्हातारपण असं वाढतं.

पत्नींचं निवेदन

१ ऑक्टोबर २०१४ ला उत्तर प्रदेशात बरेलीला चीता उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि लष्कराचे तीन अधिकारी गेले. तिथे ना हिमनदी होती ना दरी. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे मागणी केली : ही हेलिकॉप्टरं निवृत्त करा. सेवेत असलेल्यांना असं उघड बोलता येत नाही, म्हणून घरच्या माणसांनी बोलून दाखवलं.

अपघात थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ चीता पडलं, एका पायलटचा मृत्यू. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच मंडालाजवळ पुन्हा चीता, दोन्ही पायलट गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या नौदल तळावर चेतकच्या अपघातात एका नौसैनिकाचा जीव गेला. प्रत्येक अपघाताचं कारण इंजिनच, असं म्हणता येत नाही. पण या जुन्या यंत्रांमध्ये आजच्या हेलिकॉप्टरांसारखी ढगात वाट दाखवणारी, समोर डोंगर आला तर ओरडून सांगणारी उपकरणं मुळात नव्हतीच. पायलटचे डोळे हेच मुख्य उपकरण. ढग आले की तेही जातं.

बदली हेलिकॉप्टरची गोष्ट मात्र लांबतच गेली. रशियाच्या कामोव्ह-२२६टी चा करार २०१५ मध्ये झाला, पण गाडी पुढे सरकली नाही. मधल्या काळात एचएएलने चीतावर नवं इंजिन बसवून 'चीतल' तयार केलं. एचएएलचं स्वतःचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर, एलयूएच, सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. तीन टनांच्या वर्गातलं, काचेच्या पडद्यांचं आधुनिक कॉकपिट असलेलं. कर्नाटकात तुमकुरूला त्यासाठी बांधलेल्या कारखान्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चेतक-चीताच्या जागी आणखी सुमारे २०० हलक्या हेलिकॉप्टरांसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली : १२० लष्करासाठी, ८० हवाई दलासाठी.

यातली एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली जातेय, त्या एलयूएचलाही इंजिन एकच आहे.

नागपूरला या धंद्यात आता आणखी एक जागा मिळू शकते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मॅक्स एरोस्पेस या कंपनीबरोबर नागपुरात हेलिकॉप्टर प्रकल्प उभारण्याचा ८,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. करारांचं पुढे काय होतं हे मिहानकडे बघत आलेल्या नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. तोपर्यंत सियाचीनच्या चौकीवर रॉकेलचा डबा आणि घरची पत्रं घेऊन जाणारं हेलिकॉप्टर तेच जुनं आहे, आणि प्रत्येक फेरीनंतर त्याच्या लॉगबुकात आणखी काही मिनिटं लिहिली जातात.